नाकाखालचा आरसा

परवा कॉम्पॅक्टच्या आरशावर माझा श्वास लागून तो धुरकट झाला आणि मला धाडकन परळच्या हॉस्पिटलमधली ती सकाळ आठवली! माझी मावसबहीण तेव्हा पाच वर्षांची. जन्मतःच टाळूला फट, ती बाळपणीच शिवलेली, तरी प, ब सगळे घशातच अडकायचे. पुन्हा ऑपरेशन लागेल का, याच टेन्शनमध्ये मावशी आणि मी तिला घेऊन स्पीच थेरपिस्ट मॅडमकडे गेलेलो. "घरी आम्ही रोज फुगे फुगवून घेतो, पिपाण्या वाजवून घेतो," मावशीने अभिमानाने सांगितलं. मॅडम हसल्या, "अहो, त्याने फुगे फुगतात, बोलणं बोलूनच येतं." मग त्यांनी पोरीचं नाक हलकेच चिमटीत धरलं, तळहातावर कापूस घेतला, "प म्हणून उडव बघू!" कितीतरी वेळ काहीच नाही, पण मॅडम न कंटाळता स्वतःच प-प करत कापूस उडवत राहिल्या, आणि एकदम तिनेही उडवला! मग त्यांनी नाक सोडून खाली छोटा आरसा धरला. हवा नाकातून गळली तर तो धुरकटणार, म्हणजे बहुतेक पुन्हा ऑपरेशन. "म्हण गो बाय," मावशी पुटपुटली. "प!" आरसा लख्ख! "टाळू नाकाची वाट मस्त बंद करतेय. जुनी सवय आहे फक्त, ती मी मोडते," मॅडम म्हणाल्या. मावशी रडायलाच लागली, आणि आमच्या शहाणीने मॅडमचं नाक धरायला हात वर केला. अजूनही भारी माणूस म्हटलं ना, की तिचा हात पोचावा म्हणून हसत खाली वाकलेल्या त्या मॅडमच मला दिसतात.