रापणीच्या वाटेवरची पडवी

आमच्या वाडीत दार वाजवून आत येणारा माणूस एकच, दाजी खवणेकर. बाकी सगळे खळ्यातून, म्हणजे अंगणातूनच, "आसात काय गो घरात?" असं विचारत येतात आणि उत्तर मिळेपर्यंत स्वयंपाकघरात पोचलेले असतात. दाजी मात्र उघड्या दारावरसुद्धा दोन बोटांनी टकटक करतो आणि उंबऱ्याबाहेर थांबतो. स्वतःच्या घरातही तेच. त्याची बायको सुगंधा माशांना मीठ लावत बसलेली असली, तरी हा आधी चौकट वाजवणार. ती म्हणते, "अवो, रांदपाच्या खोलयेत येवक परवानगी कसली मागतास? मी काय मडम आसंय?"

ही सवय बोटीवरची. दाजीची उमेदीची वर्षं परदेशी प्रवासी जहाजांवर खोल्या आवरण्यात गेली. मी त्याचा शेजारी. माझी नोकरी मालवणात, हिशेबाच्या टेबलावर. त्यामुळे आमची गाठ रविवारी सकाळी, त्याच्या ओटीवर, चहाबरोबर. बोटीच्या गजाली मी तिथेच ऐकल्या.

त्याच्याकडे ज्या खोल्या असत, त्या जहाजाच्या खालच्या मजल्यावरच्या. काचेचं सरकतं दार, दाराबाहेर दोन खुर्च्यांपुरती जागा आणि तिच्यापुढे लगेच सगळ्या जहाजाचा फिरायचा रस्ता. त्या दोन खुर्च्यांच्या जागेला तिथे पॅटिओ म्हणत. दार उघडलं की समोर समुद्र, म्हणून लोक जास्त पैसे मोजून ती खोली घेत आणि दुसऱ्याच दिवशी दाजीकडे तक्रार घेऊन येत. कारण समुद्राच्या आधी दिसायची ती माणसं. कोणी पळायला निघालेलं, कोणी आइस्क्रीम खात काचेपाशी रेंगाळणारं. कधी भलताच म्हातारा यांच्या खुर्चीत घोरत पडलेला. दिवसा ती काच बाहेरून आरशासारखी दिसायची, आतलं काही कळायचं नाही. संध्याकाळी आत दिवा लागला की सगळं उलटं. ते बहुतेकांच्या लक्षातच यायचं नाही. म्हणून दिवेलागणीच्या आधी सगळे पडदे ओढणं हे दाजीने आपलंच काम मानलं होतं. एकदा एक बाई रात्रीच्या कपड्यांत समुद्र बघायला बाहेर आली आणि मागे दार लागलं. बाहेरून ते उघडेना. दाजीने हातातली टेबलावरची चादर तिच्या अंगावर टाकली आणि किल्ली आणायला धावला.

"मगे ती काय म्हणाली?" मी विचारलं.

"काय म्हणतली? जहाज उतरापर्यंत माज्याकडे बघूक नाय!"

दोन हजार तीनच्या सुमाराला दाजी कायमचा परत आला. गाठीशी होतं ते सगळं घालून त्याने समुद्राकडच्या आपल्या जागेत, सुरूच्या झाडांखाली चार खोल्या बांधल्या. पर्यटक तेव्हा आमच्याकडे नुकतेच येऊ लागले होते. प्रत्येक खोलीपुढे त्याने पॅटिओ काढला, वेताच्या दोन-दोन खुर्च्या ठेवल्या. पुढे एक पायरी आणि पायरीखाली वाळू. वाडीने त्याचं नाव पडवी ठेवलं आणि आपली म्हणून वापरायलाही सुरुवात केली. दाजीची मोठी बहीण गंगू मासे विकायला मालवणच्या बाजारात जाते. ती परत आली की टोपली पायरीवर टेकवून एका खुर्चीत बसायची.

"दाजी, हयसरसून दर्यो कसो टीवीसारखो दिसता रे," ती म्हणायची.

"बाय, आत पावणे आसत."

"आसांदेत. मी खंय तेंका उठवतंय?"

पाहुणेही सुरुवातीला खूष होते. गंगूशी गप्पा मारून, तिच्याकडूनच मासे घेऊन सुगंधाला तळायला देत. गोष्ट बिघडली ती दोन हजार सातच्या जानेवारीत.

पुण्याचं एक जोडपं आलं होतं. बाईंचं नाव उर्वशी. सकाळी न्हाऊन, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून त्या पडवीत चहा घेऊन बसल्या आणि वाऱ्यावर डोळे मिटले. थोड्या वेळाने गुडघ्याला काहीतरी लागलं. डोळे उघडून बघतात, तर समोर एक उघडी पाठ. त्या पाठीपुढे दुसरी पाठ, तिच्यापुढे तिसरी, अशी पाण्यापर्यंत रांग, आणि सगळी माणसं पाठमोरी यांच्याच अंगावर चालत येताहेत. पहिली पाठ होती नानाची. नाना आमच्या रापणीचा म्होरक्या, सत्तरी ओलांडलेला. त्याने मागे न बघता सांगितलं, "सरक गो बाय जरा," आणि आणखी एक पाऊल मागे टाकलं. उर्वशीबाईंची किंकाळी माझ्या घरापर्यंत आली.

रापण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. होडी दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून निघते, समुद्रात अर्धगोल जाळं टाकते आणि दुसरं टोक घेऊन परत येते. मग दोन्ही दोरांना वाडीतली माणसं लागतात, पुरुष आणि बायका. तोंड समुद्राकडे, दोर धरायचा आणि मागे मागे चालत जायचं. वर पोचलेल्याने दोर सोडून पुन्हा पाण्यापाशी येऊन धरायचा. शेवटी एक म्हातारा माणूस बसलेला असतो, तो आलेला दोर गुंडाळत जातो. दोराला ज्याचा हात लागला त्याला मासे मिळतात, मग तो कोणीही असो. आमच्या किनाऱ्यावर खडकाशिवायचा तळ एकाच ठिकाणी, दाजीच्या खोल्यांसमोर. त्यात गेल्या दोन पावसाळ्यांत समुद्राने किनारा बराच आत खाल्ला होता. भरतीला ओढणाऱ्यांना मागे चालायला वाळू पुरेना. मग ते मागे मागे पडवीत.

उर्वशीबाईंनी दाजीला चांगलं सुनावलं. "आम्ही खोलीचं भाडं दिलंय की रस्त्याचं? इथे कोणीही, केव्हाही येणार का?" दाजीने हात जोडले. असलं बोलणं त्याने बोटीवर पुष्कळ ऐकलं होतं आणि दर वेळी त्याला ते पटलंही होतं. पुढच्या आठवड्यात पाहुणे पाठवणाऱ्या पुण्याच्या एजंटाचा फोन आला. "खवणेकर, पुढे भिंत घाला. नाहीतर माझी माणसं मी दुसरीकडे पाठवीन." दाजीची बहुतेक गिऱ्हाइकं त्याच्यामार्फतच येत. घातलेले पैसे अजून सुटायचे होते.

जाळं दुरुस्तीला काढल्यामुळे रापण काही दिवस बंद होती. तेवढ्यात दाजीने पडव्यांपुढे चिऱ्यांचा छातीएवढा गडगा घातला. बाजूला एक फाटक केलं, त्याला कडी आतून. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आपल्या जागेला आपण कुंपण घालतोच.

मग रापण लागली. दोर ओढत मागे आलेली माणसं गडग्याला धडकून थांबू लागली. पाठ टेकली की दोर सोडायचा, पुन्हा खाली पळायचं. गर्दी झाली, ओढ तुटक झाली. दुसऱ्या बाजूचा दोर भराभर येत होता, ही बाजू मागे राहिली, जाळं तिरकं झालं आणि मोकळ्या बाजूने बांगडा निसटला. पाण्यावर तो पळताना दिसत होता. शेवटी वाळूवर आलं ते थोडी तारली मासळी आणि पुष्कळसं शेवाळ. नाना ओल्या अंगाने गडग्यापाशी आला.

"दाजी, तुज्या बापाशीचां जाळां आमच्या रापणीत आसा," तो म्हणाला. "तां उसवन घे. मगे गडगो घाल तुका होयो तितको."

रापणीचं जाळं एकाचं नसतं. घराघरातला तुकडा एकमेकाला शिवून ते होतं आणि त्या तुकड्यावर घराचा वाटा चालतो. तुकडा उसवला की तो माणूस वाडीत राहतो, पण रापणीतला राहत नाही. आमच्याकडे असं कोणाच्या बाबतीत झाल्याचं मला आठवत नाही.

गंगू मात्र गप्प बसणारी नव्हती. "तू बोटीर होतंस तेवा ह्याच वाट्यार आवशीन घर चलवल्यान," ती खळ्यात उभी राहून म्हणाली. "आता तुज्या पावण्यांका लाज वाटता म्हणान आमी काय दर्यात मागे चलाचां?"

"बाय, एजंट माणसां धाडूचो नाय."

"नको धाडूंदे! एजंट तुजो दोर वडूक येतलो?"

"तुमी दोगांय आधी चाय घेवा," सुगंधा आतून म्हणाली. "भांडान थंड करू नकात."

त्या रविवारी दाजीने मला पडवीतल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः दुसऱ्या खुर्चीत बसला. समोर लाल चिरे. समुद्राचा नुसता आवाज.

"भाऊ, काय दिसता?"

"गडगो."

"बोटीर ह्या खोलयेक कोणी कवडी दिली नसती," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "रापण वडताना माणसां खंय बघतत?"

"दर्याकडे. आनी खंय बघतली?"

"मगे? तेंच्यातला एकय माणूस खोलयेत बघूक नाय. सगळ्यांच्यो पाठी." तो खुर्चीतून पुढे झाला. "ती बाय घाबारली ती पाठीक नाय. कोणी आधी सांगूक नाय म्हणान घाबारली. बोटीर डेक धुवची येळ आमी आदल्या दिसा सांगी. पंधरा खलाशी पॅटिओसमोरसून जायत, पण एक कंप्लेंट नाय. आनी हय मी चार खोलयो बांदलंय, तरी रापण म्हणजे काय तां एका पावण्याक कधी सांगूक नाय. माका वाटला, ह्यां काय सांगूचां? रापण सगळ्यांकाच ठावक आसता!"

इतकं बोलून तो उठला, एजंटाला फोन लावला आणि गडगा काढतोय म्हणून सांगितलं. रापण कशी असते, आपण पाहुण्यांना आधी कसं कळवू, हे शुद्ध मराठीत, अगदी साहेबासारखं समजावलं. पलीकडून काय उत्तर आलं ते त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं. "ठीक आहे. तुमचा नाइलाज आहे," असं म्हणून त्याने फोन ठेवला. त्या मे महिन्यात त्याच्या चारपैकी दोन खोल्यांना कुलूप होतं, आणि सुगंधाने शेजारच्या लग्नांचं जेवण करून घर ओढलं, हेही इथे सांगितलं पाहिजे.

गडगा फोडायला दाजी एकटाच लागला. पहिला चिरा निघाला तेव्हा नाना सुरूखाली विडी ओढत बसला होता. चौथ्या की पाचव्या चिऱ्याला तो उठला आणि चिऱ्याला दुसऱ्या बाजूने हात घातला. मग आणखी माणसं आली. त्याच चिऱ्यांनी दाजीने दोन पडव्यांच्या मध्ये आडव्या भिंती घातल्या, म्हणजे एका खोलीतला दुसऱ्या खोलीतल्याला दिसणार नाही. समोर मात्र पायरी आणि वाळू.

पुढची रापण लागली तेव्हा पहिल्या खोलीत कोल्हापूरचं नवं लग्न झालेलं जोडपं होतं. होडी जाळं टाकून वळली, तसा दाजी त्यांच्या दारापाशी गेला, टकटक केली आणि थांबला. दार उघडल्यावर सांगितलं, "थोड्या वेळात दोर इथपर्यंत येईल. माणसं पाठमोरी असतात, आत कोणी बघणार नाही. पडदा ओढून घ्या किंवा बाहेर बसा, तुमची मर्जी. शेवटचा माणूस मी असेन."

दोर गुंडाळायला बसायचा तो म्हातारा त्या दिवशी बाजूला सरकला होता. त्याच्या जागी दाजी पडवीच्या पायरीवर उभा राहिला, तोंड समुद्राकडे, पाठ खोलीकडे. ओढणारे मागे मागे येत. त्यांची पाठ दाजीला लागली की दोर सोडून पाण्याकडे जात. त्याच्या मागे एकही जात नव्हता. आलेला दोर तो दोन खुर्च्यांच्या मधे वेटोळं करून ठेवत होता. मध्येच खोलीचा पडदा हलला, बांगड्या भरलेला एक हात बाहेर आला आणि खुर्चीवर वाळत टाकलेला परकर चाचपू लागला. दाजीने न वळता डावा हात मागे केला, परकर त्या हाताच्या दिशेने सरकवला आणि पुन्हा दोर धरला.

खालून गंगू ओरडली, "दाजी, पाठी बघू नको हां! सुगंधा बघता!"

दोराला लागलेली सगळी माणसं हसली, नाना धरून. ओढ मात्र सैल झाली नाही. जाळं सरळ आलं आणि वाळूवर बांगडा उड्या मारू लागला. बायका जाळं पसरून शेवाळ झटकत होत्या. दाजीच्या बापाचा तुकडा आपल्या जागी शिवलेलाच होता.

नाना वाटे घालत होता. सगळ्यांचे घालून झाल्यावर बदामाच्या मोठ्या पानावर थोडे बांगडे घेऊन तो वर आला आणि ते त्याने पहिल्या खोलीच्या पायरीवर ठेवले.

"ह्यो पडवेचो वाटो," तो म्हणाला. "दोर ठेवक जागा दिल्यान."

तोवर ती दोघं बाहेर आली होती. नवी नवरी गोंधळली. "आम्ही तर काहीच केलं नाही," ती म्हणाली.

"ठेवा, ठेवा," दाजी म्हणाला. "तो तुमचाच आहे."

सुगंधाने पान उचललं, एक बांगडा हातात घेऊन कल्ले बघितले आणि विचारलं, "तिखट चलता मां तुमका?"

"आम्ही कोल्हापूरचे, काकी," ती मुलगी म्हणाली. "तुम्हीच जरा जपून खा."