टेंभुर्णे सरांनी पुसलेल्या ओळी

टेंभुर्णे सरांना काहीही दाखवलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कोणाचं?" डबा उघडला तर भाजी कोणाच्या हातची. विनोद सांगितला तर कोणाकडून ऐकला. साकोलीतल्या त्यांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात मी एक अवघड गणित सोडवलं. सरांनी विचारलं, "कोणाचं?"

"माझंच," मी म्हणाले.

"मंग ताठ मानेनं सांग ना. पन तुले शिकवलं कोनं, तेबी सांगजो."

मला राग आला. आमच्या घरात कॉलेजची पदवी घेणारी मी पहिली. आपल्या डोक्यात कोणाचा वाटा आहे हे ऐकून घ्यायची मला सवय नव्हती.

सर उंच, काटकुळे. कीबोर्डमधली धूळ सायकलच्या पंपाने उडवायचे आणि तेवढ्या वेळात मुलांना नाकाला रुमाल लावायला सांगायचे. त्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेलं. त्याबद्दल ते फारसं बोलत नसत. बोलले तर शेतीबद्दलच बोलत.

पुढे मी त्याच क्लासमध्ये शिकवायला लागले आणि आम्ही दोघांनी मिळून एक प्रोग्राम केला. जुन्या फॉन्टात टाइप केलेले अर्ज नव्या कॉम्प्युटरवर उघडले की नुसती किडामुंगी दिसायची. पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसायची. आमचा प्रोग्राम ते सगळं सरळ करून द्यायचा. टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानांना आम्ही तो फुकट वाटला. उघडला की वर दोन नावं दिसत, सरांचं आणि माझं. सिहोऱ्याला, म्हणजे आमच्या गावी, माझ्या बाबांनी ही गोष्ट गावभर केली होती.

मग नागपूरच्या एका संस्थेने तो आपल्या सगळ्या केंद्रांवर घ्यायचं ठरवलं. आमचा सत्कारही करणार होते. फक्त त्यांनी विचारलं, परवाना कोणता? आम्ही कुठलाच दिला नव्हता. 'सगळ्यांसाठी मोफत' एवढंच लिहिलं होतं. तेवढ्याने घेणाऱ्याला बदलायचा, पुढे वाटायचा हक्क मिळत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं.

"फुकट देवाले बी कागद लागते! कमाल हाय बाप्पा," सर म्हणाले.

मी सगळे परवाने वाचून काढले. म्हटलं, "सर, एकही अट नसलेला देऊ. संस्थेला तोच पाहिजे."

"म्हंजे ते त्याच्यात बदल करतीन, कुलूप लावतीन अन् इकतीन. चालते तुले?"

"चालते. नाव तर होईल."

"मले नाही चालत. आमच्या गावात धानाच्या वरच्या बांधीतलं पानी खालच्या बांधीत जाये. वरच्यानं पायजे तेवढं घ्यावं, पन धुऱ्यातली पान्याची वाट बुजवून बसाचं नाही. जो घेईन त्यानं पुढं सोडावं. असा परवाना हाय काय त्याच्यात?"

होता. पण मी फटकन बोलले, "तुमचं गाव तर धरणात गेलं, सर."

ते हसले. "गाव गेलं पोरी, अक्कल नाही गेली."

दोन दिवस आमचं हेच चाललं. शेवटी, दुसऱ्यांनी परवाना कसा लिहिलाय ते बघू म्हणून मी सरांच्या जुन्या कॉम्प्युटरमधला एक हिंदीचा प्रोग्राम उघडला. सर पूर्वी तो वर्गात शिकवायला वापरत. त्याच्या आतल्या ओळी वाचता वाचता मी थांबले. वेलांटी जागेवर आणणारा भाग ओळीला ओळ आमच्यासारखाच होता. वर इंग्रजीत लिहिलं होतं, हे रजनी साहू, रायपूर यांचं काम आहे. वापरा, बदला, वाटा, पण हे नाव राहू द्या आणि तुम्ही बदललेलंही असंच उघडं ठेवा.

सरांना हाक मारली. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला.

झालं होतं असं. त्यांच्या पहिल्या बॅचच्या मुली स्क्रीनवर इंग्रजी दिसलं की हात मागे घेत. म्हणून वर्गात वाटायच्या प्रतीतून सरांनी त्या वरच्या ओळी न वाचताच काढून टाकल्या होत्या. पुढे आमच्या प्रोग्रामात त्यांनी जो भाग घेतला, तो त्याच प्रतीतून.

"कोणाचं, कोणाचं करत बोंबलत हिंडलो मी," सर म्हणाले, "अन् हे कोणाचं, ते नाही इचारलं."

त्या दिवशी त्यांनी वर्ग सोडून दिला. मला त्यांच्याकडे बघवेना. समोर स्क्रीनवर आमची दोन नावं दिसत होती, त्यातलं एक माझं. मी म्हटलं, "तेवढा भाग आपण नव्याने लिहू. मग कुठलाही परवाना देता येईल."

"लिहून होईन. पन आजवर वाटलं त्याचं काय?"

सरांनी साहूबाईंचाच परवाना ठेवला. संस्थेला फोन करून खरं काय ते सांगितलं. ते गोड बोलले आणि सत्काराचं राहूनच गेलं. साहूबाईंना मेल केला, तर त्यांचं हिंदीत उत्तर आलं, "काम आ रहा है, यही बहुत है, भाई साहब." ते वाचून सर आणखीच खचले. "रागावली असती तं बरं वाटलं असतं."

मग स्कूटरवर आम्ही दुकानं पालथी घातली. सर प्रत्येक ठिकाणी जुना प्रोग्राम काढून नवा टाकत आणि हात जोडत. मी बाहेर स्कूटर धरून उभी राहायची. सिहोऱ्यात मात्र आत जावं लागलं, कारण काउंटरपाशी बाबाच उभे होते.

"अर्ज निघून रायले ना सर, मंग कायले एवढं?" दुकानदार म्हणाला.

"माहं चुकलं जी. वरतं त्या बाईचं नाव पायजे होतं."

दुकानदाराने बाबांकडे बघितलं. बाबा दुकानाबाहेर पडले. घराच्या वाटेवर त्यांनी मला विचारलं, "मंग तुहं काय हाय त्याच्यात?"

"काही भाग आहे, बाबा. सगळा नाही."

"तेवढंच सांगतलं असतं ना मी बी."

पदवीच्या दिवशी ते याच रस्त्याने छाती काढून चालले होते. त्या संध्याकाळी ते माझ्यापुढे भराभर चालले आणि मी त्यांना गाठलं नाही.

गेल्या हिवाळ्यात सर हृदयविकाराने गेले. शोकसभेला विहारात जागा उरली नव्हती. एक वक्ते म्हणाले, "सरांनी एकट्याच्या बुद्धीनं हा प्रोग्राम जगाला दिला." लोकांनी माना डोलावल्या. समोर काकू बसलेल्या, सरांच्या पत्नी. त्यांच्यादेखत हे खोडायचं कसं? सर असते तर कधीच उठले असते. मी उठले.

"एकट्याच्या नाही," मी म्हणाले. "त्यातला मुख्य भाग रायपूरच्या रजनी साहूंचा आहे. सरांनीच तसं लिहून ठेवलंय."

सगळे माझ्याकडे वळले. मागून कोणीतरी म्हणालं, "हे बोलाची येळ हाय काय, बाई?" मी खाली बसले. मेलेल्या माणसाला भर सभेत खाली ओढल्यासारखं वाटत होतं, आणि माझी नजर जमिनीवरून उठेना.

सभा संपल्यावर मी चपला शोधत होते. काकू आल्या आणि माझं मनगट धरलं. मला वाटलं, आता रागावतील.

"ते नाव परत सांग वो," त्या म्हणाल्या. "घरी लोकं येऊन रायले, तेबी एकट्यानंच केलं म्हणतीन. मले नीट पाठ करून दे."