ब्रेकचा दिवस

बनशंकरीतल्या माझ्या आताच्या क्लिनिकच्या दारावर माझं नाव आहे, नावाखाली हुद्दा आहे आणि पगारही वेळेवर होतो. तरी आठवण येते ती सरकारी रुग्णालयातल्या त्या ओल आलेल्या खोलीची. तिथे मला कुणी फिजिओथेरपिस्ट म्हणत नसे. मी होते ‘एक्सरसाइज मॅडम’. एक बडे डॉक्टर तर रुग्णांना सरळ सांगत, “जा, मालिश करून घ्या.” माझं डोकं फिरायचं, पण रुग्ण माझ्याकडे पाठवायच्या कागदावरची सही त्यांची असायची.

आमची नेमणूक अकरा महिन्यांची. मग एक दिवस ब्रेक आणि दुसऱ्या दिवशी नवा करार. त्या एका दिवसामुळे नोकरी सलग धरली जात नसे, म्हणून कायम करा म्हणायची सोय नव्हती. पण ब्रेकच्या दिवशीही आम्ही सगळ्याजणी हटकून कामावर जायचो. रुग्णाच्या पायाला करार थोडाच कळतो! फक्त हजेरीपटावर सही करायची नाही, एवढंच.

माझ्या सहाव्या ब्रेकच्या दिवशी चिकपेटेतले एक शिंपीकाका पहिल्यांदा आधाराच्या दांड्या सोडून चालणार होते. अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा डावा पाय लुळा पडला होता. पुन्हा मशीनवर बसायचंच, या हट्टापायी त्यांनी दोन महिने माझी बोलणी खाल्ली होती. नेमके तेव्हाच नवे अधीक्षक फेरीवर आले आणि कन्नडमध्ये म्हणाले, “आज तुम्ही स्टाफ नाही. पेशंट पडला तर जबाबदार कोण?” काकांना सावरायला कमरेला बांधलेला पट्टा सिस्टरच्या हातात देऊन मी बाहेर नातेवाइकांच्या बाकावर जाऊन बसले. रागाने रडू येत होतं.

दार उघडंच होतं. आतून काकांचा आवाज आला, “अक्का कुठं गेली?” सिस्टरने बाकाकडे बोट दाखवलं.

“सरी, ठीक. मग तिथंच जाऊ या. स्वल्प हळू धर.”

आणि त्यांनी दांड्या सोडल्या. मी बाकावरूनच ओरडायला लागले, “आधी टाच, काका! पायाकडे नको, माझ्याकडे बघा!” अधीक्षक बाजूला सरले. चौदा पावलं टाकून काका घामाघूम होऊन माझ्या शेजारी धपकन बसले. “तू आत येईनास, म्हणून मीच आलो बघ,” म्हणाले. त्या दिवसाइतकी खूश मी पुढे कुठल्याही पगाराच्या दिवशी झाले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा करार करायला कचेरीत गेले. अनुभवाच्या रकान्यात मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, साडेपाच वर्षे. क्लार्क हसला. “नवीन नेमणूक ना, मॅडम? मग अनुभव कुठला?” त्याने दुसरा कोरा फॉर्म पुढे केला.

तिकडे आमच्या खोलीत काका आठ वाजल्यापासून माझी वाट बघत बसले होते. मी रकाना रिकामा सोडला आणि सही केली.