खिंडीची उंची

दिघीच्या जेटीवर तिकिटं फाडणारा तो माणूस पाठीवर सॅक घेऊनच उभा असतो. सॅकमध्ये बारा नारळ. दर वर्षी तो हिमालयातली अठरा दिवसांची वाट चालायला जातो, त्याचा हा सराव. फेरीबोट सुटली की जेटीच्या टोकापर्यंत जाऊन येतो, पुन्हा जातो.

"किती फेऱ्या झाल्या?" मी विचारतो.

"मोजतंय कोन, भाऊ? पाय सांगतात."

मी मोजतो. त्या वाटेचे सगळे मुक्काम, अंतरं आणि उंची अकरा वर्षं माझ्या वहीत आहेत. दर वर्षी काहीतरी आडवं येतं. घराचं छप्पर, मुलीची परीक्षा, आता माझा गुडघा.

यंदा तो परतला तेव्हा त्याच्या नाकाची सालं निघाली होती. फोनमधली बर्फाची खिंड दाखवत म्हणाला, "हिची उंची किती आसंल वो?"

"पाच हजार तीनशे साठ मीटर."

त्याचा चेहरा उजळला. "म्हंजे तुमी पन जाऊन आलाव. कदी?"

"बरीच वर्षं झाली," मी म्हणालो.

तेव्हापासून तो रांगेतल्या लोकांना मला दाखवून सांगतो, "ह्ये पन वर जाऊन आलेत." आणि मी नाही म्हणत नाही.