सरूची फुगवण

पुतण्यांनी चहा पाजला म्हणून सांगतोय, नाहीतर ही फजिती मी कुणाला कळू दिली नसती. आणि मधे हसायचं नाय. हसलात तर उठून जाईन!

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. पिंपळगावाकडं आमची द्राक्षबाग. माझ्या बायकोची, सरूची, पाळी जायला आली आणि बाईच्या अंगातून वाफा निघायला लागल्या. बाहेर अशी थंडी, की बाग वाचवायला आम्ही शेकोट्या पेटवतोय, आणि ही गोधडी फेकून ओट्यावर बसलेली, पदरानं वारा घेत! गावाला वाटलं, मीच हाकलली. झोप नाय, तोंड लालेलाल, वर सगळा राग माझ्यावर.

नाशकाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेली. त्यांनी तपासून गोळ्या दिल्या. म्हणाल्या, "हार्मोन आहे. हळूहळू झळा कमी होतील."

हार्मोन! आता मला हार्मोन कोण शिकवणार? अहो, घड बुडवायला आम्ही हार्मोनच वापरायचो की! घड औषधात बुडवला, की मण्याची अशी फुगवण होते, की बघत राहावं. आणि आमची सरू आधीच माझ्यापेक्षा चार बोटं उंच! लग्नाच्या फोटोत मी विटेवर उभा हाय. हे सांगायचं नव्हतं, निघून गेलं तोंडातून.

मग काय! रोज सकाळी तिला दाराच्या चौकटीला उभी करायचो आणि पाटावर चढून कोळशानं खूण करायचो.

"काय चाललंय हो?"

"गप उभी राहा. वाढ बघतोय."

"मी काय बाजरी हाय का?"

गोळ्यांनी तिला लय उतार पडला. झोपायला लागली, घोरायलाही लागली. पण खूण? खूण रोज वर! माझी पाचावर धारण बसली. असंच चाललं तर ही छपराला लागणार, आणि बाजारात मी तिच्या काखेखालून चालणार!

गोळ्या उचलल्या, खिशात घातल्या. "बंद!"

"अहो, आत्ता कुठं झोप लागत होती मला! द्या त्या!" सरूच्या डोळ्यांत पाणी.

"आधी त्या बाईंना जाब विचारतो. चल!"

दवाखाना बायकांनी गच्च भरलेला. मी दारातूनच ओरडलो, "बाई, माझ्या बायकोची फुगवण थांबवा!"

मी खुणांचं सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "काका, हे द्राक्षाचं औषध नाही. बाईच्या अंगात हे असतंच. पाळी जाताना कमी होतं, म्हणून वाफा येतात. तेवढी भर घालतोय आपण. उंची कशी वाढेल?"

"मग खुणा काय खोटं बोलतात?"

त्यांनी सरूला भिंतीवरच्या पट्टीला उभं केलं. नर्स खाली वाकली. "मावशी, टाचा टेकवा."

टेकवल्या. बाई पहिल्या तपासणीत होती तेवढीच!

"अगं, रोज टाचा उचलत होतीस?"

"मग! रोज उठून मापता, म्हटलं थोडं वाढून दाखवावं."

बायका बाकावरून पडायच्या तेवढ्या राहिल्या. मला आला राग. म्हटलं, माझीही उंची मोजा, असा काय मोठा फरक हाय आमच्यात! छाती काढून पट्टीला ताठ उभा राहिलो.

नर्स परत वाकली. "काका, तुम्हीपण टेकवा."

गोळ्या मुकाट्यानं सरूला परत दिल्या. तिच्या झळा गेल्या, झोप आली. पण भर दवाखान्यात मला घाम फोडणाऱ्या त्या बाईनं अजून माफी मागितलेली नाय. नाव लिहून ठेवा: सरू!