शेजारणीच्या हातचा फुगा

ईस्टरच्या सकाळी शुभेच्छा द्यायला शेजारच्या फिलोमिनाबाईंकडे गेले, तर त्या स्टुलावर बसून फुगे तळत होत्या. नारळाच्या दुधात भिजवून फुगून आलेलं पीठ मुठीतून पिळायचं आणि गोळा तेलात सोडायचा. चाळीस दिवसांचा उपास त्यांच्या चेहऱ्यावर उतरला होता. आतल्या खोलीत त्यांचे मिस्टर वर्षभर अंथरुणाला खिळलेले.

“यंदा राहू द्यायचं होतं,” मी म्हणाले.

“कॅनडात लेक चॉकलेटची अंडी विकत आणते, की झाला तिचा ईस्टर. ह्यांना मात्र फुगा लागतो गं. बोलता येत नाही, पण वास ओळखतात.”

होळीच्या पोळ्या लाटताना भरून आलेली माझी पाठ मला आठवली. सण कुठलाही असो, कुणीतरी बाई त्या दिवशी अशीच दमलेली असते.

मी त्यांच्या हातातून झारा घेतला. त्या भिंतीला टेकल्या आणि बसल्या बसल्याच झोपल्या.

माझे फुगे वाकडेतिकडे झाले. जाग आल्यावर त्यांनी परातीकडे पाहिलं आणि एक उचलून आत नेला.

“अहो, तोंड उघडा. शेजारणीच्या हातचा आहे. वाकडा आहे, पण गरम आहे.”