वन्संचं बॉम्बे रक्त

लालबाग-परळात स्वतःच्या रक्ताचा आमच्या वन्संइतका अभिमान असलेलं दुसरं माणूस सापडणार नाही, हे मी लेखी द्यायला तयार आहे. घराण्याच्या रक्ताबद्दल मी बोलत नाही. तसला अभिमान बाळगणारे गिरगावापासून दादरपर्यंत दर मजल्यावर दोन भेटतील. वन्संचा अभिमान खऱ्या, शिरांतून वाहणाऱ्या आणि पिशवीत भरता येणाऱ्या रक्ताचा आहे. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. परळच्या एका मराठी शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या, लग्न केलं नाही, आणि लालबागच्या चाळीत वडिलांच्या दोन खोल्यांत एकट्या राहतात. त्यांचा रक्तगट बॉम्बे. तुमचंआमचं रक्त ए, बी, एबी नाहीतर ओ असतं, आणि या सगळ्यांच्या तांबड्या पेशींवर कमीजास्त प्रमाणात एच नावाचा पदार्थ असतो. वन्संच्या पेशींवर तो नाही. साध्या तपासणीत असं रक्त ओ म्हणूनच दिसतं, पण अशा माणसाला ओचं रक्त चालत नाही. त्याला त्याच्यासारख्याच दुसऱ्याचं लागतं, आणि असा दुसरा हजारोंत एखादा. हा गट पहिल्यांदा आपल्या मुंबईत सापडला म्हणून जगभर त्याला बॉम्बे म्हणतात. कोणी शहराला बॉम्बे म्हटलं तर वन्सं त्याला भर रस्त्यात थांबवून 'मुंबई' म्हणायला लावतात. रक्ताच्या बाबतीत मात्र त्या स्वतःच छाती पुढे काढून 'बॉम्बे' म्हणतात.

हा शोध त्यांना नोकरीच्या सुरुवातीला लागला. गणेशोत्सवात मंडळाच्या रक्तदान शिबिरात त्यांनी रक्त दिलं आणि काही दिवसांनी रक्तपेढीनं पुन्हा बोलावलं. माझे सासरे गिरणीत होते. पोरीला काहीतरी मोठा रोग निघाला, असं समजून त्यांनी त्या दिवशी खाडा केला. वन्सं परत आल्या त्या पेढ्यांचा पुडा घेऊन. चाळीत घरोघर पेढे वाटले. लोकांना वाटलं लग्न ठरलं. पुढे एका ठिकाणी खरंच ठरत आलं होतं, पण 'मुलीचं रक्त वेगळं आहे म्हणे' असं त्या लोकांच्या कानावर गेलं आणि त्यांनी नकार कळवला. हे सांगताना वन्संच्या चेहऱ्यावर दुःख शोधायला जाल तर फुकट जाल. "बरं झालं गं," म्हणतात, "ज्यांना एवढं साधं समजत नाही, त्यांना मी जन्मभर काय काय शिकवत बसले असते?"

तेव्हापासून वन्सं स्वतःचं रक्त स्वतःचं समजत नाहीत. रुग्णालयातून कधी फोन येईल याचा नेम नाही, म्हणून शरीर कायम तयार ठेवलेलं. भाजी लोखंडी कढईत, चवळीच्या पानांवर लिंबू पिळून, डब्यात आळिवाचे लाडू बारा महिने. जेवणानंतर चहा नाही, कारण चहामुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही. हा नियम पाहुण्यांनाही लागू असल्यामुळे आमचे कितीतरी नातेवाईक त्यांच्याकडून जेवून निघाले की थेट कोपऱ्यावरच्या टपरीवर जातात. मच्छरदाणी तीनशे पासष्ट दिवस. मलेरिया झाला तर बराच काळ रक्त देता येत नाही, हे त्याचं शास्त्रीय कारण. पण एकदा मच्छरदाणीत शिरलेल्या डासाला मारून त्याचं तळहातावरचं लाल टिंब बघत त्या हळहळलेल्या मी पाहिल्या आहेत. "मेल्याला काय कळणार काय प्यायला तो!"

रक्तातून सवड मिळाली की वन्सं ग्रंथींकडे वळतात. माणसं रागावतात, रुसतात, प्रेमात पडतात, यावर त्यांचा विश्वासच नाही. माणसाला संप्रेरकं येतात, असं त्यांचं मत. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंचं आणि माझं पहिल्याच महिन्यात डाळीच्या फोडणीवरून कडाक्याचं वाजलं. वन्सं मध्ये येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आईचं इस्ट्रोजेन संपत आलंय आणि हिचं ॲड्रिनलिन नवीन घरात आल्यामुळे चढलंय. तुम्ही दोघी भांडत नाही आहात, ग्रंथी भांडतायत. डाळ वाढा." सासूबाईंना त्यातलं अक्षर कळलं नाही, पण आपली बाजू घेतली एवढं वाटलं. मलाही तसंच वाटलं. भांडण मिटलं. शाळेत त्या पियुषिका ग्रंथी शिकवायच्या तेव्हा सांगायच्या, "वाटाण्याएवढी असते, दिसतसुद्धा नाही, पण बाकीच्या ग्रंथी तिच्या हुकमावर चालतात. आमच्या घरात ती माझी आई." पोरांनी परीक्षेत तसंच लिहिलं, आणि वन्संनी मार्कही दिले.

त्यांच्यासमोर वाकून नमस्कार करायला नव्या सुना घाबरतात. आशीर्वाद मिळतो, पण त्याआधी वन्सं हनुवटी वर करून गळा बघतात. "पाणी पी बघू एक घोट." घोट घेताना अवटु, म्हणजे थायरॉइड, ग्रंथी वरखाली होते, ती वाढली असेल तर तेव्हा नजरेला येते. मग अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी ओढायची. आत फिकट दिसलं की नवऱ्या मुलाला तिथल्या तिथे दम: "हिला आधी तपासून आण, मग हनिमूनला ने." लग्नात आहेराच्या रांगेत हे चालतं. जेवायला बोलावलं तर सोलकढी मुद्दाम अर्धा तास तशीच ठेवतात आणि थर वेगळे झाले की पेला उजेडाला धरून दाखवतात. "रक्त असंच. बाटलीत ठेवलं तर खाली तांबड्या पेशी, मध्ये पांढऱ्यांचा केसाएवढा पदर, वर पिवळसर रक्तद्रव. त्यात साखर, मीठ, संप्रेरकं, सगळं तरंगत असतं. पी आता." ती सोलकढी अजून कोणी संपवलेली नाही.

या सगळ्यात त्यांचं एकच शल्य होतं, ते म्हणजे माझा नवरा. त्यांचं म्हणणं, हा गट भावंडांत निघण्याची शक्यता चांगली असते, तेव्हा बाळूनं नीट तपासून घ्यावं. बाळू, म्हणजे माझा नवरा, सुईला घाबरतो. मुलीचे कान टोचायला सोनार आला तेव्हा मुलगी थोडीशी रडली आणि हा दारात आडवा झाला. सोनारानं सुई खाली ठेवून आधी याच्या तोंडावर पाणी मारलं. तेव्हा लायसनवर 'ओ पॉझिटिव्ह' छापलंय, एवढ्यावर तो तीस वर्षं भागवत होता.

गेल्या वर्षी एका रविवारी आम्ही वन्संकडे जेवायला गेलो होतो. तव्यावर बांगडे होते आणि फोन वाजला. वन्संनी ऐकून घेतलं, "आले" म्हणाल्या, आधी स्वतः दोन घास जेवल्या, कारण रिकाम्या पोटी रक्त घेत नाहीत, आणि इस्त्रीची साडी नेसून निघाल्या. आम्हीही बरोबर गेलो. रक्तपेढीबाहेर वरळी कोळीवाड्यातली एक बाई उभी होती. तिच्या सुनेचं सकाळी सिझेरियन झालं होतं, मुलगा ठीक होता, पण सुनेचं रक्त फार गेलं होतं आणि गट बॉम्बे निघाला होता. जिन्यावर, व्हरांड्यात, बाहेर झाडाखाली सगळीकडे तिचीच माणसं. "आमची आख्खी गल्ली आली गो बाय रगत द्यायला," ती वन्संचा हात धरून म्हणाली, "पन कोनाचाच चालत नाय. तू तरी वाचव."

"मी आले ना," वन्सं म्हणाल्या आणि आत गेल्या.

आत एक तरुण डॉक्टरीण होती. नेहमीची नव्हती. तिनं वजन घेतलं, बोट टोचलं आणि विचारलं, "वय, मॅडम?"

वन्सं कुठल्या प्रश्नाला अडखळलेल्या मी तोवर पाहिल्या नव्हत्या. "पासष्ट," म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "झाली. मागच्या महिन्यात."

"मग नाही घेता येणार."

"हिमोग्लोबिन बघितलंत ना?"

"माझ्यापेक्षा चांगलं आहे. पण वयाचा नियम आहे. तुम्हाला काही झालं तर?"

"पासष्ट मला झाली, रक्ताला नाही. तांबडी पेशी चार महिने जगते, शिकलात ना? माझ्या अंगात त्याहून जुनी एक तांबडी पेशी दाखवा, मी आत्ता घरी जाते."

डॉक्टरीण हसली, पण नकाराची मान हलवलीच. त्यांच्याकडे असे आणखी दोघं नोंदलेले होते. एक गावाला होता, दुसऱ्यानं नुकतंच दिलं होतं. बाहेरगावाहून कोणी मिळतं का ते बघत होते, पण वेळ कमी होता.

वन्सं बाहेर येऊन बाकावर बसल्या. कोळीण त्यांच्या तोंडाकडे बघत होती आणि वन्सं तिच्याकडे बघत नव्हत्या. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. तो लगेच भिंतीवरची सूचना वाचायला लागला.

"बाळू."

"ताई, माझं ओ आहे."

"माझंही ओच होतं."

"आपण भावंडं दोघंच. एकीला निघालं ना? झालं. दोघांना कशाला निघेल?"

"म्हणूनच गणितात नापास झालास. माझं मला, तुझं तुला. प्रत्येक पोराचा डाव नव्यानं पडतो." तो जागचा हलला नाही तेव्हा त्या मालवणीवर आल्या. "मेल्या, घाबरतस कित्याक?"

"घाबरत नाही. चक्कर येते."

मला आता राहवेना. "अहो, चक्कर आली तर इथे पलंग आहे, डॉक्टर आहे. पडायला याहून सोयीची जागा अख्ख्या मुंबईत नाही. उठा."

तो उठला तो माझ्यामुळे की काय, मला सांगता येणार नाही. कोळीण पुढे आली आणि तिनं त्याचा हात स्वतःच्या हातात घेतला. "दादा, सुई मी पन बगत नाय. तू माझ्याकडं बग." आणि आमच्या साहेबांनी तिच्या नथीवर नजर लावून दुसरा हात पुढे केला.

निकाल यायला वेळ लागला. एरवी एवढ्या वेळात वन्संनी त्या सगळ्या गल्लीला रक्ताभिसरण शिकवलं असतं. त्या दिवशी मात्र पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत बसल्या. मग डॉक्टरीण स्वतः बाहेर आली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाली, "सर, इतकी वर्षं तुम्ही स्वतःला ओ समजत होतात?"

वन्सं ताडकन उभ्या राहिल्या. "मी सांगत होते! सांगत होते की नाही? तीस वर्षं सांगतेय!" व्हरांडाभर माणसं वळून बघायला लागली. "आमच्या घरात दोन आहेत!" हे त्यांनी कोळणीला सांगितलं, डॉक्टरणीला सांगितलं, आणि जिन्यावर बसलेल्या कोळीवाड्याच्या माणसांना खाली वाकून सांगितलं. कोळणीनं तिथेच हात जोडले. आणि खरं सांगते, ज्या नवऱ्याला मी दारात आडवा झालेला पाहिलाय, तो चालत आत गेला आणि पलंगावर झोपला तेव्हा माझीही मान जरा ताठ झाली.

वन्सं त्याच्या उशाशी उभ्या. "तळहाताला घाम आला ना? अधिवृक्क ग्रंथी ॲड्रिनलिन सोडतेय. छान काम करतेय."

"ताई, गप्प बस."

"छाती धडधडतेय? तेही तिचंच."

त्याला चक्कर आली नाही. कोळणीची सून वाचली. बारशाला आम्ही तिघंही कोळीवाड्यात गेलो. वन्संनी बाळाच्याही पापण्या ओढून बघितल्या आणि आजीनं कौतुकानं बघू दिल्या. आता रुग्णालयाकडे नवऱ्याचा नंबर आहे, आमच्या घरीही जेवणानंतरचा चहा बंद झालाय, आणि हा गृहस्थ अनोळखी माणसाला नाव सांगण्याआधी रक्तगट सांगतो. वन्संना याचा केवढा अभिमान! "माझा भाऊ बॉम्बे आहे," असं त्या चाळीत कोणालाही सांगत सुटतात. स्वतःबद्दल कमी बोलतात. ते मी लक्षात येऊनही न आल्यासारखं करते.

पण त्या दुपारी रक्त घेऊन झालं, तिथल्या बाईनं नळी बंद केली आणि पिशवी वजनकाट्यावरून उचलली, तेव्हा वन्सं मध्येच म्हणाल्या, "एकदा हातात देता?" बाईनं डॉक्टरणीकडे पाहिलं. तिनं मानेनंच होकार दिला. इतकी वर्षं दर वेळी वन्सं त्या पलंगावर आडव्या असायच्या आणि भरलेली पिशवी बाजूनं कोणीतरी घेऊन जायचं. आता त्यांनी ती दोन्ही हातांत धरली. मला वाटलं, झालं, रक्तद्रव आणि पांढऱ्या पेशी सुरू होणार.

"गरम असते गं," त्या मला म्हणाल्या. "मला माहीतच नव्हतं."

ती बाई हात पुढे करून उभी होती. बाहेर लोक वाट बघत होते, सगळ्यांना घाई होती. वन्संनी पिशवी तिच्या हातात दिली, पण आपले हात मात्र थोडा वेळ तसेच, ओंजळीसारखे धरून ठेवले.